फीनचा रणगाडा

माझ्या नवऱ्याला कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर तो सांगायचा, "कौलांच्या कारखान्यात आहे." निवृत्त झाल्यावर "कारखान्यात होतो" म्हणू लागला. उरलेलं तो कधी सांगत नसे, कारण त्याची त्याला लाज वाटे. केस पांढरे झालेला माणूस घरी बसून प्लास्टिकचे रणगाडे जोडतो, रंगवतो आणि त्यांचे फोटो काढतो, हे परक्या माणसाला सांगायचं तरी कसं? मी मात्र सांगून टाकायची. माझं अर्धं जेवणाचं टेबल लग्नापासून त्याच्या ताब्यात आहे, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला नक्कीच आहे.

लांबर्ट तसा गरीब स्वभावाचा. दारू बेताची, आवाज बेताचा, मतं तर जवळजवळ नाहीतच. भट्टीतून निघालेल्या कौलावर बोटानं टिचकी मारायची, आवाज बद्द आला तर ते बाजूला काढायचं, हे त्यानं आयुष्यभर केलं. घरी आला की हात धुवायचा, भिंग डोळ्याला लावायचा आणि चिमट्यानं रणगाड्याच्या दिव्याची काच बसवायचा. खऱ्यापेक्षा पस्तीसपट लहान रणगाडा, त्याच्या दिव्याची काच केवढी असेल याचा विचार करा. ती एकदा गालिच्यावर पडली तेव्हा आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून अख्खा रविवार शोधत होतो. सापडली ती मांजराच्या मिशीवर.

रंगाचंही तसंच. आधी सगळा रणगाडा हिरवा करायचा, आणि मग तो हिरवा राहू नये म्हणून महिनाभर झटायचं. कडा घासून पत्रा उघडा पाडायचा. पातळ केलेला तपकिरी रंग खाचांत सोडायचा. खडूची पूड करून धूळ म्हणून फुंकायची. चिखल तर आमच्या पॉप्लरच्या झाडांच्या गल्लीतून पिशवी भरून आणायचा आणि माझ्या चहाच्या गाळणीतून गाळायचा. मी तीन गाळण्या टाकून दिल्या, चौथी त्यालाच देऊन टाकली.

त्याचा एक क्लब होता, जवळच्या फेनलो शहरात. गावोगावचे असेच शरमिंदे नवरे महिन्यातून एकदा एका हॉलमध्ये जमत आणि आपापले डबे उघडत. तिथे टाळ्या बिळ्या वाजत नाहीत. कुणाचं काम फारच चांगलं असेल तर बाकीचे वाकून बघतात, बराच वेळ बघतात, आणि एक जण म्हणतो, "खरा आहे." बस्स, एवढंच. तो शब्द ज्याला मिळाला तो घरी जाताना गाडी चालवत नाही, तरंगत जातो. लांबर्टला तो तोवर मिळाला नव्हता. "छान आहे" मिळालं होतं. "मेहनत दिसते" मिळालं होतं, आणि ते ऐकून आला की तो दोन दिवस माझ्याशीही बोलत नसे.

म्हणून त्यानं फोटोंचा नाद धरला. त्याचं म्हणणं, रणगाडा टेबलावर ठेवला की टेबल दिसतं, आणि टेबल दिसलं की खेळणं दिसतं. एका नोव्हेंबरात त्यानं स्वयंपाकघरातली घडीची शिडी उचलली, पॉप्लरच्या गल्लीत नेली, तिच्यावर फळी ठेवली, फळीवर चिखल, चिखलात शर्मन रणगाडा. फळीच्या कडेला डोळा लावून पाहिलं की फळी संपते कुठे आणि खरी गल्ली सुरू होते कुठे ते कळत नव्हतं. कॅमेऱ्याचं भोक अगदी बारीक ठेवलं की जवळचं आणि लांबचं सारखंच लख्ख येतं, हे त्यानं मला शंभरदा समजावलंय. कुत्रं फिरवणारे लोक त्याला वळसा घालून जात होते. मी छत्री धरून उभी होते आणि ओळखीचं कुणी आलं की दुसरीकडे बघत होते.

रणगाड्यावर दोन सैनिक होते, आणि त्यांच्यामध्ये हात वर केलेली एक लहान मुलगी. घरी आल्यावर त्यानं फोटो काळापांढरा केला, थोडा मळवला, एका कोपऱ्यात दुमडल्याची रेघ काढली. मला दाखवला. मी म्हटलं, "अगंबाई, हा कुणाच्या घरातून मिळाला?" तो इतका खूष झाला की त्यानं स्वतःहून भांडी घासली.

आता अख्ख्या गावाच्या फीनमावशीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे आहे.

आमचं स्मालब्रुक मास नदीच्या अलीकडचं. महायुद्धात, चव्वेचाळीसच्या नोव्हेंबरात, इंग्रज आले आणि जर्मन गेले. तेव्हा फीनमावशी सहा वर्षांची होती. ती सांगायची, की पहिला रणगाडा पॉप्लरच्या गल्लीत आला तेव्हा मी त्याच्यावर चढले होते. तिचा मोठा भाऊ ग्राद म्हणायचा, काही नाही, ती तळघरात आईच्या कुशीत होती आणि बटाट्यांच्या मागे लपून रडत होती. ग्राद बारा वर्षांचा होता तेव्हा, शिवाय पुरुष, शिवाय पुढे दूध संघाचा अध्यक्ष झाला. साहजिकच गावानं त्याचं ऐकलं. पुढे पुढे तर ती म्हणच पडून गेली. कुणी थाप मारली, की मी एवढा मोठा मासा पकडला, की लोक म्हणायचे, "फीनचा रणगाडा!" आणि हसायचे. पोरं शाळेत म्हणायची. मी म्हणत होते. फीनमावशी दुकानात उभी असतानाही लोक म्हणायचे, आणि तीही हसायची, करणार काय?

मुक्तीला ऐंशी वर्षं झाली तेव्हा गावाच्या इतिहास मंडळानं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मंडळ म्हणजे कुस्टर्स मास्तर, निवृत्त मुख्याध्यापक, आणि त्यांना नाही म्हणू न शकणारी चार माणसं. त्यांतलाच एक लांबर्ट. गावातले जुने फोटो जमवायचे, संगणकात घ्यायचे, डाग काढायचे, हे काम त्याच्याकडे. त्यानं ते मन लावून केलं. पण त्यात त्याचा एक स्वार्थ होता. खऱ्या रणगाड्यांवर चिखल कुठवर उडालाय ते तो त्या फोटोंत बघायचा, आणि शेजारी आपला फोटो लावून ताडून बघायचा. त्यामुळे खरे आणि त्याचा, सगळे एकाच ठिकाणी साठवलेले. तेच सगळं त्यानं मास्तरांना नेऊन दिलं. दुसरा कुणी असली चूक करणार नाही. ज्याला आपलं खोटं खऱ्याशेजारी ठेवून बघायची खोड आहे, त्याच्याच हातून ती व्हायची.

उद्‍घाटनाला आम्ही चर्चच्या हॉलमध्ये शिरलो, आणि समोरच्या भिंतीवर दाराएवढा मोठा करून तोच फोटो. खाली लिहिलेलं, स्मालब्रुक, नोव्हेंबर १९४४, छायाचित्रकार अज्ञात.

लांबर्टनं माझा दंड धरला. "लेओनी," तो पुटपुटला, "तो माझा आहे."

"कोण?"

"शर्मन. शिडीवरचा."

मी नीट पाहिलं. ज्या रणगाड्यावरची धूळ मीच झटकत आले होते, तो एवढा मोठा झाल्यावर मला ओळखू आला नव्हता. "मग उभा काय राहिलास? जा, मास्तरांना सांग."

"जातो."

पण तो जाईना. आमच्या मागे कारखान्यातलेच दोघं उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "काय फोटो आहे रे. त्या चिखलाचा वास येतो." दुसरा म्हणाला, "आजकाल असं काही काढताच येणार नाही. खरं ते खरं."

लांबर्टचे कान लाल झाले. मी इतकी वर्षं त्या कानांशेजारी झोपते, मला कळतं ते कशानं लाल होतात. ते शरमेनं झाले नव्हते, सुखानं झाले होते. "मिनिटभर थांब," तो म्हणाला. "मिनिटभरच. मग सांगतो."

तेवढ्यात फीनमावशी आत आली, चाकांचा वॉकर ढकलत. फोटोसमोर थांबली. बराच वेळ नुसती उभी होती. मग हात वर करून त्या मुलीकडे बोट दाखवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "ही मी."

ग्राद कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता, नव्वदीच्या पुढचा. लोकांनी त्याला उठवून आणलं. त्यानं फोटो पाहिला, बहिणीकडे पाहिलं, आणि टोपी काढली. ग्राद चर्चमध्येही टोपी कुरकुरत काढतो.

"फीन," तो म्हणाला, "ऐंशी वर्षं मी तुला खोटं पाडलं. चुकलो गं मी."

बायका रडायला लागल्या. मीही रडले असते, पण माझा दंड लांबर्टच्या मुठीत होता. मिनिट केव्हाच संपलं होतं.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात वाईट गेले. तो रणगाड्यावर टॉवेल टाकून बसे. एवढ्या मोठ्या फोटोत त्याला आणखी एक गोष्ट दिसली होती, साखळी पट्टे त्यानं उलटे बसवले होते, खाचांची टोकं चुकीच्या बाजूला. पहिल्या रात्री तो त्याच्यावरच हळहळला. मी म्हटलं, "लाज वाटते का तुला? तिकडे म्हातारीला देव भेटल्यासारखं झालंय आणि तू पट्टे बघतोस." मग त्याला खरंच लाज वाटली, आणि ती गेलीच नाही. ताटातलं अर्धं तसंच राहायला लागलं.

"उद्या सांगतो," तो रोज म्हणे.

आधी मी म्हणत होते, सांग. मग फीनमावशी बेकरीत रांगेत भेटली. नवीन कोट घातलेला, केस करून घेतलेले. लोक तिला पुढे जा म्हणत होते. घरी येऊन मी त्याला सांगितलं, "आता तोंड उघडशील तर माझ्याशी गाठ आहे. त्या बाईचे राहिलेत किती दिवस? जाऊ दे तिला सुखानं."

"आणि मंडळ गल्लीत त्या फोटोची पाटी लावणार आहे, तिचं काय? माझ्या खेळण्याचा फोटो, भट्टीत पक्का भाजलेला, शंभर वर्षं टिकणारा. शाळेतल्या पोरांना नेऊन दाखवणार, बघा, असं झालं होतं. लेओनी, मी बद्द वाजणारं कौल आयुष्यात कधी पुढे जाऊ दिलं नाही."

मी चिडले आणि त्याच्यापुढचं ताट उचलून नेलं.

पाटी लावायच्या आधीच्या रविवारी ग्रादनं बहिणीच्या मानासाठी गावाला कॉफी दिली, त्याच हॉलमध्ये. जर्दाळूचे, चेरीचे, तांदळाचे व्लाय, म्हणजे आमच्याकडचे गोड केक, कापून मांडलेले. फीनमावशी मधल्या खुर्चीत. कुस्टर्स मास्तरांनी भाषण केलं आणि शेवटी म्हणाले, "हा फोटो आपल्याला मिळाला तो लांबर्टमुळे. लांबर्ट, बाबा, उठ जरा. कुठे सापडला तो, सांग सगळ्यांना."

लांबर्ट उठला. मी त्याच्या कोटाचं टोक धरलं होतं, ते त्यानं हळूच सोडवलं.

"माझ्या टेबलावर," तो म्हणाला.

लोक हसले.

"मी बनवलाय तो. रणगाडा प्लास्टिकचा आहे. फोटो मी काढला, गल्लीत, शिडीवर ठेवून."

लोक आणखी हसले. मास्तर म्हणाले, "अरे, विनय किती असावा माणसाला!" ज्या 'खरा आहे'साठी जन्मभर झुरला, ते अख्खं गाव त्याला देत होतं आणि त्याला ते परत करता येईना. "पट्टे उलटे आहेत," तो म्हणाला, "बघा ना, खाचा उलट्या आहेत." कुणी बघितलं नाही. मग तो म्हणाला, "थांबा," आणि निघून गेला. आमचं घर हॉलला लागूनच. टॉवेलात गुंडाळून घेऊन आला, चेरीच्या व्लायशेजारी ठेवला, टॉवेल काढला.

पावभर लोण्याएवढा रणगाडा. त्यावर दोन सैनिक, मध्ये हात वर केलेली मुलगी, माझ्या अर्ध्या बोटाएवढी. लोक वाकून बघू लागले. एक एक करून सरळ झाले आणि आपापल्या कपाकडे वळले.

ग्राद सगळ्यात शेवटी वाकला. मग बहिणीकडे वळून शांतपणे म्हणाला, "म्हणजे तळघरातच होतीस."

फीनमावशीनं व्लायची ताटली खाली ठेवली. तिच्या नव्या कोटाची बटणं लावायला कुणीतरी मदत केली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि लांबर्ट तर मधोमध उभा होता, हातात टॉवेल घेऊन. लोक त्याला वळसा घालून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात फीनमावशी. लांबर्ट उठून उभा राहिला, शाळेत उठतात तसा.

"बस रे," ती म्हणाली. "कॉफी नको, लेओनी. मला एकच विचारायचंय. त्या रणगाड्यावर पोरगी कशी आली?"

"म्हणजे?" लांबर्ट म्हणाला.

"तू ती का ठेवलीस? मी सांगत होते ते ऐकून ठेवलीस का? गावातल्या एका तरी माणसाला वाटलं होतं का, की फीन खरं बोलतेय?"

मुलगी डब्यातूनच आलेली होती. प्लास्टिकच्या सैनिकांच्या डब्यात फुकट मिळते, जर्मनीत नाहीतर जपानात कुठे तयार होत असेल. मला हे माहीत होतं, कारण तिचा तुटलेला पाय मीच चिकटवला होता. लांबर्टनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. आदल्याच दिवशी भर सभेत खरं बोलून त्यानं काय मिळवलं होतं, ते आम्ही दोघांनी पाहिलं होतं.

"हो, मावशी," तो म्हणाला. "तुमचं ऐकूनच ठेवली."

तिनं मान हलवली. "दाखव."

त्यानं रणगाडा पुढे सरकवला, भिंग दिलं. तिनं भिंग दोन्ही हातांनी धरलं. मला वाटलं, आता ती खूष होईल.

"वेण्या आहेत हिला," ती म्हणाली.

"हो. तेव्हा मुली वेण्याच..."

"माझं टक्कल होतं. उवा झाल्या होत्या, तळघरात सगळ्यांनाच. आईनं आदल्या दिवशी माझे केस कातरीनं सफाचट केले, आणि ग्राद दिवा धरून उभा होता. त्याला सुद्धा आठवलं नाही, बघ."

लांबर्टचा चेहरा असा झाला, की मला त्याच्याकडे बघवेना. "मावशी," तो म्हणाला, "मी खोटं बोललो. डब्यातून आली ती."

"कळलं मला." तिनं भिंग टेबलावर ठेवलं. "मी काय वेगळं केलं? त्या हॉलमध्ये शिरले आणि वेण्या पाहिल्या, तेव्हाच कळलं मला, ही मी नव्हे. दुसरीच कुणीतरी पोरगी चढली असेल म्हटलं. तरी म्हणाले, ही मी. ग्रादनं टोपी काढली तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. रात्री झोप नाही मला तेव्हापासून."

मांजर आलं आणि तिच्या पायांना घासून गेलं. शेवटी लांबर्टनं रणगाडा उचलला, मागच्या कपाटावर नेऊन ठेवला, आणि परत येऊन तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"मावशी, काय झालं होतं ते सांगाल का?"

"कुणाला?"

"आम्हाला. सगळं सांगा. आम्ही ऐकतो."

तिनं दोघांकडे आलटून पालटून पाहिलं, आम्ही थट्टा तर करत नाही ना म्हणून. हात मांडीवर ठेवले. घसा साफ केला.

"मी रणगाड्यावर चढले होते," ती म्हणाली.

आणि सवयीनं थांबली, आमचं हसून होऊ दे म्हणून.